हरणाशेजारी कोण काढायचं?

रेहेकुरीच्या हरणाच्या अंगावर ठिपके नसतात. नर वयात आला की पाठीवर काळा होत जातो, पोट पांढरं राहतं, शिंगांना पीळ पडतात. मादी बदामी रंगाची आणि बहुधा बिनशिंगांची. शास्त्राच्या वर्गवारीत हे हरीण नव्हे, कुरंग. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात कुणी एवढं बघत बसत नाही. सगळे हरीणच म्हणतात. काळविटांसाठी राखलेलं रेहेकुरीचं अभयारण्य १९८० सालचं, आकाराने अवघं २.१७ चौरस किलोमीटर. कर्जत, राशीन, मिरजगाव या टापूतली पुष्कळ मुलं हरीण पहिल्यांदा बघतात ती माळावर किंवा रस्ता ओलांडणाऱ्या कळपात. पुस्तकातलं हरीण त्यांना नंतर भेटतं, आणि त्या हरणाला हमखास ठिपके असतात. ते चितळ असतं, जंगलातलं. माळावरच्या मुलाला ते परकं.

तक्रार बारीक वाटेल, पण लहान मुलांच्या चित्रपुस्तकांविषयी बोलायचं तर ती बाजूला सारता येत नाही. मैत्री आणि माया सांगणारी पुस्तकं मराठीत आता बऱ्यापैकी मिळतात. त्यांत ससा असतो, कासव असतं, ठिपक्यांचं हरीण असतं आणि शेवटी सगळे एकत्र हसत असतात. कर्जतच्या मुलाला ठाऊक असलेलं हरीण मात्र हरभरा खातं. अभयारण्याची हद्द कागदावर असते, कळपाला ती कळत नाही. पीक कोवळं असलं की कळप शेतात उतरतो. ज्या घरात सकाळी पाहुण्याला कौतुकाने हरणं दाखवली जातात, त्याच घरातलं कुणीतरी रात्री बॅटरी घेऊन त्यांना हाकलायला जातं. या मुलासाठी मैत्रीचं पुस्तक काढायचं ठरवलं, तर हरणाशेजारी कोण काढायचं? गोफण घेतलेली आजी काढायची की नाही?

दुष्काळात जमलेली चौकडी

आपल्याकडची मैत्रीची सर्वांत नावाजलेली प्राणिकथा याच प्रश्नापासून सुरू होते. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, चार मित्र आहेत: लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण. शाळेच्या पुस्तकांतून आणि गोष्टींच्या छोट्या पुस्तिकांतून ती आपल्यापर्यंत येते तेव्हा तिचं एवढंच उरतं की हरीण जाळ्यात सापडलं, उंदराने जाळं कुरतडलं. खाली तात्पर्य: संकटी कामी येतो तो खरा मित्र. मूळ कथा याहून कितीतरी अवघड आणि म्हणून गोड आहे.

कावळा मैत्री मागायला बिळाच्या दाराशी येतो तेव्हा उंदीर साफ नकार देतो. तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी व्हायची, असा त्याचा रोकडा सवाल असतो. कावळा दारातच उपास करीन म्हणतो तेव्हा कुठे बोलणं सुरू होतं, आणि तेही उंदीर बिळात राहून करतो. विश्वास बसायला दिवस जातात. पुढे त्या मुलखात पाऊस पडत नाही. दुष्काळामुळे माणसंही पाखरांसाठी जाळी लावू लागतात, आणि कावळा मुलूख सोडायचं ठरवतो. उंदीर त्याच्या पाठीवर बसून निघतो. दोघं एका तळ्याकाठी पोचतात, तिथे कावळ्याचा जुना मित्र मंथरक असतो. शिकाऱ्यांना भिऊन पळत आलेलं हरीण तिथेच त्यांना येऊन मिळतं. म्हणजे ही चौकडी दुष्काळाने आणि भीतीने एकत्र आणलेली आहे. पर्जन्यछायेत वसलेल्या, टँकर आणि चारा छावण्या बघितलेल्या तालुक्यात ही गोष्ट सांगताना पार्श्वभूमी समजावून द्यावी लागणार नाही.

शेवटही तात्पर्यात न मावणारा आहे. हरीण जाळ्यात सापडल्याचं कळतं तेव्हा कावळा उंदराला पाठीवर घेऊन जातो. कासवाने जागीच थांबायला हवं, कारण त्याला पळता येत नाही. तरी ते मायेपोटी रखडत रखडत मागे जातं. हरीण सुटतं, शिकारी येतो, सगळे पसार होतात आणि सापडतं ते कासव. मग हरीण तळ्याकाठी मेल्यासारखं पडून राहतं, कावळा त्याचे डोळे टोचल्याचं सोंग करतो, शिकारी कासव खाली ठेवून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर कासवाची दोरी कुरतडतो. कासवाच्या येण्याने मदत कसली, उलट संकट वाढलं. तरी त्याला कुणी बोल लावत नाही. लहान मुलांना नेमकं हेच कळतं, कारण मोठ्यांच्या घाईत आपण नेहमी कासव असतो हे त्यांना माहीत असतं.

तात्पर्याच्या ओळीने आपण या गोष्टीतला नकार, भीती, दुष्काळ आणि कासवाचा वेडेपणा काढून टाकला. उरलेल्या सांगाड्याला संस्कार म्हणू लागलो.

चित्राने सांगायचं ते चित्राने

चित्रपुस्तकाचं काम इथे सुरू होतं. गोष्टीच्या पुस्तकात मधूनमधून चित्रं घातली की ते चित्रपुस्तक होत नाही. चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्द सांगतात, अर्धी चित्रं सांगतात, आणि एकाने सांगितलेलं दुसरं उगाळत नाही. मजकूर म्हणतो, उंदीर बिळात बसून बोलत होता. बिळाच्या तोंडाशी आलेलं उंदराचं नाक पानागणिक थोडं थोडं बाहेर येतं, ते चित्र सांगतं. वाचता न येणारं मूल ते आधी टिपतं आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला बोट ठेवून दाखवतं. विश्वास वाढला हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. दयाळूपणासारखी गोष्ट लहान मुलाला सांगायला म्हणूनच चित्रपुस्तक सोयीचं. तिथे उपदेश टाळता येतो, कारण दाखवता येतं.

पण हे पुस्तक महाग पडतं. चाररंगी छपाई, जाड कागद, आणि पानं फर्म्यात बसवायची म्हणजे सोळा, चोवीस, बत्तीस अशाच हिशोबाने. एका भाषेत मर्यादित प्रती खपणार असतील तर प्रकाशकाचा जमाखर्च जुळत नाही. यावर जुना तोडगा असा की रंगीत चित्रं सगळ्या भाषांना एकच ठेवायची आणि काळ्या मजकुराची प्लेट तेवढी भाषेगणिक बदलायची. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं अशीच देशभरच्या भाषांत गेली, आणि मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना रंगीत पुस्तक म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. स्वस्ताईची किंमत मात्र चित्राने मोजली. सगळ्या भाषांना चालेल असं घर, सगळ्या राज्यांना चालेल असं झाड, सगळ्या मुलांना चालेल असं हरीण. ठिपके आले ते या वाटेनेही आले असावेत.

अगदी मराठीतून उगवलेल्या चित्रपुस्तकाचं नाव घ्यायचं तर माधुरी पुरंदरे यांचं घ्यावं लागतं. त्या स्वतः चित्रकार. जे. जे.मध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये शिकलेल्या. लिहितातही त्याच आणि चित्रंही त्याच काढतात, त्यामुळे शब्द कुठे थांबवायचा हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. ‘राधाचं घर’, यशच्या गोष्टी, लालू बोका ही पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं अनेक घरांत फाटेपर्यंत वाचली गेली. त्यांत कंटाळा येणं, हात मोडणं, घरी पाहुणी येणं, मोठ्या शाळेत जाणं अशा साध्या घटना आहेत. कुणी थोर वागत नाही. घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलतात, मुलाचं ऐकून घेतात, चिडतात आणि पुन्हा जवळ येतात. माया तेवढ्यातच दिसते. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ साली टाटा ट्रस्टचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला, तो या वाटेचाही गौरव होता.

राधाचं आणि यशचं जग मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचं आहे. हा त्या पुस्तकांचा दोष नव्हे, लेखिकेने स्वतःला ठाऊक असलेलं जग प्रामाणिकपणे काढलं. प्रश्न आहे तो तेवढ्याच प्रामाणिकपणे माळावरचं घर काढणाऱ्या पुस्तकांचा. पत्र्याचं छप्पर, दारात बांधलेली शेळी, पाण्याचा टँकर आला की धावणाऱ्या बायका, रात्री भारनियमन सांभाळून मोटर चालू करायला निघालेला बाप. या घरातही पाहुणी येते, हात मोडतो, कंटाळा येतो.

कुरणापर्यंत गेलेली शाळा

मुलाच्या परिसरातून शिक्षण उभं करण्याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी गिरवला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शंख, शिंपले, बिया, पानं हेच तिथलं शैक्षणिक साहित्य झालं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं चारायला जात होती. तेव्हा शाळाच गुरांमागे गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलं का येत नाहीत म्हणून त्रागा करण्याऐवजी ती कुठे आहेत ते बघून तिथे जायचं, एवढी साधी त्यामागची समज. शिक्षणाच्या इतिहासात तिला प्रयोग म्हणतात; तिचं खरं नाव दयाळूपणा आहे, आणि तो कुठल्याही भिंतीवर सुविचार म्हणून लिहिलेला नव्हता.

कर्जतच्या टापूत ही आठवण उगाच होत नाही. दसरा झाला की अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडाशेजारी कोपी. पावसाळा सरला की मेंढपाळांचे वाडेही चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. भीमेकाठचा आणि कुकडीच्या कालव्याखालचा भाग उसाने हिरवा, तर वरचा माळ उघडा. एकाच तालुक्यात कुणी उसासाठी येतं, कुणी उसासाठी जातं. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कारखान्यांवर साखरशाळाही चालल्या. तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही.

मैत्रीवरच्या पुस्तकांत हा विषय जवळपास नाही. नवा मित्र मिळाल्याच्या गोष्टी पुष्कळ. बाकावरची जागा सहा महिने रिकामी राहिल्याची गोष्ट कुठे आहे? जाणाऱ्या मुलीने आपलं खोडरबर कुणाला दिलं, परत आल्यावर ती एक धडा मागे राहिली तेव्हा शेजारणीने तिला वहीतलं दाखवलं की झाकून घेतलं, ही मैत्रीची खरी परीक्षा या वर्गांत दर वर्षी होते. परत आलेल्या मुलीला कुणी काही विचारलं नाही, फक्त बाकावर सरकून जागा दिली, एवढ्या प्रसंगावर एक पूर्ण पुस्तक उभं राहू शकतं.

बाहेरच्या जगात अशा प्रसंगांवर उत्तम पुस्तकं झाली. अमेरिकेचे चित्रकार-लेखक अरनॉल्ड लोबेल यांचं बेडूक आणि भेक या दोन मित्रांचं पुस्तक १९७० सालचं. त्यातल्या एका गोष्टीत भेकाला कधीच कुणाचं पत्र येत नाही म्हणून तो उदास असतो. बेडूक घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो गोगलगाईकडे. पत्र येईना, तेव्हा तो मित्राला सांगूनच टाकतो की पत्र मी पाठवलंय, आणि त्यात काय लिहिलंय तेही. मग दोघं ओट्यावर बसून त्या पत्राची वाट बघतात. गोगलगाय चार दिवसांनी पोचते. मजकूर आधीच कळलेला असतो, तरी भेकाला आनंद होतो. इथे कुणी कुणाचा जीव वाचवत नाही. एकाने दुसऱ्याबरोबर वाट बघितली, बस्स. फडावर गेलेल्या मैत्रिणीची वाट बघणाऱ्या मुलाला ही गोष्ट परदेशी वाटणार नाही.

कपाट उघडलं तर

पुस्तकं नाहीत ही तक्रार आता अर्धीच खरी आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, राज्यात वाचन प्रेरणा दिन होतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. २००४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त चित्रपुस्तकं हे ध्येयच ठेवलं, आणि २०१५ साली स्टोरीवीव्हर या मंचावर ती सगळ्यांना मोफत खुली केली. कोरोनाकाळात, २०२० साली, राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफ आणि प्रथम बुक्सबरोबर ‘गोष्टींचा शनिवार’ सुरू केला, तेव्हा चित्रपुस्तकाचा दुवा शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवरून पालकांच्या मोबाइलवर येऊ लागला. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील पान शिरलं नव्हतं, तिथेही चित्रांची गोष्ट पोचली.

पोचली, पण चार इंचांच्या काचेवर. चित्रपुस्तक दोन पानं उघडून मांडीवर घ्यायचं असतं. मोठं माणूस वाचतं, मूल चित्रात हिंडतं, कधी मागे जातं, कधी एकाच पानावर अडून बसतं. मोबाइल बाबांबरोबर शेतात गेला की गोष्टही जाते. शाळांतल्या पुस्तकांची अडचण वेगळी. फाटलं तर जबाब कोण देणार, या भीतीने कपाटाला कुलूप लागतं. नोंदवहीत पुस्तकं शाबूत, मुलांच्या हातांना मात्र ओळख नाही. जे गुरुजी किंवा बाई पुस्तकं दोरीवर टांगतात, फाटली की मुलांकडूनच चिकटवून घेतात, त्या वर्गात पुस्तकं लवकर जुनी होतात. चित्रपुस्तक जुनं होणं हा त्याच्या वापराचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे, आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी तो तसाच वाचायला हवा.

भाषांतराचाही पेच आहे. मोफत मंचांवर हौसेने झालेलं भाषांतर पुष्कळदा कुणीच बोलत नाही अशा मराठीत असतं. मोठ्याने वाचताना ते लगेच उघडं पडतं. पण त्याच मंचाची एक सोय कर्जतसारख्या ठिकाणी मोलाची आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे मूळ लेखक-चित्रकाराचा उल्लेख ठेवून कुणीही त्या गोष्टीत बदल करू शकतं, ती आपल्या बोलीत लिहू शकतं, छापू शकतं. गावातली शिक्षिका ‘इथे ये’च्या जागी ‘हिकडं ये’ लिहू शकते. त्यासाठी पुण्यामुंबईच्या परवानगीची गरज नाही.

गोफण पुस्तकात येऊ द्या

मग कर्जतचं स्वतःचं चित्रपुस्तक कसं असेल? सामग्री इथे पडून आहे. रेहेकुरीचा माळ, त्यावर काळवीट आणि त्याच्या मागावर असणारा लांडगा. गोदड महाराजांचा रथ आणि कामिका एकादशीची गर्दी, त्या गर्दीत हात सुटलेलं लहान मूल. सिद्धटेकला भीमेचं पात्र. जिल्ह्यात २०१९च्या दुष्काळात उघडलेल्या चारा छावण्या, जिथे घरातलं कुणीतरी जनावरांपाशी मुक्कामाला असायचं आणि गावोगावची गुरं शेजारी बांधलेली असायची. आजोबांना भाकरी घेऊन आलेल्या दोन गावांच्या दोन मुलांची तिथे ओळख होते, पाऊस पडतो, छावणी उठते. याहून सरळ मैत्रीची गोष्ट कुठे मिळेल? चित्रांची शैलीही उसनी आणायला नको. इथल्या बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवतात. तिच्यात रंगांची आणि टाक्यांची अशी जाण आहे की चित्रकाराने समोर ठेवून शिकावं.

अवघड आहे ते हरणाचं पान. कायद्याने काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. आणि त्याच काळविटाने पीक खाल्लं तर वनविभाग शेतकऱ्याला नुकसानभरपाई देतो. म्हणजे हरणाला जपण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हे सरकारने लेखी मान्य केलं आहे. मुलांच्या पुस्तकांनी ते अजून मान्य केलेलं नाही. त्यांत हरणावर प्रेम करणं फुकट असतं. शेतकरी आला तर बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या जागी येतो, नाहीतर येतच नाही.

पुस्तकात आजी असावी, तिच्या हातात गोफण असावी, आणि नात तिच्या शेजारी उभी असावी. आजी गोफण फिरवते ती हरणाला लागू नये अशी, नुसता आवाज करायला. बहुतेक राखणदार तेच करतात. शब्दांनी याबद्दल काही बोलू नये. दगड कुठे पडला ते चित्राने दाखवावं, कळपापासून हातभर लांब. हरभऱ्याचा एक कोपरा खाल्लेला राहील, आजी बडबडेल, नात हरणाचं पाडस बघत राहील. हिरण्यक उंदराने बिळातून विचारलेला प्रश्न आजीनेही विचारावा: तू खाणारं, मी पिकवणारी, आपलं कसं जमायचं? उत्तर पुस्तकाने देऊ नये. पाच-सहा वर्षांच्या मुलांना अनुत्तरित प्रश्न झेपतात. झेपत नाहीत ते मोठ्यांना, आणि मग ते तात्पर्य लिहितात.

असं पुस्तक निघेल तेव्हा निघेल; तोवर आहेत ती चित्रपुस्तकं तरी मुलांपर्यंत पोचवता येतील. महाराष्ट्रात १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली. तेव्हापासून मोठी माणसं सणाला वाचनाचा फराळ न चुकता आणतात, हल्ली मुलांसाठीही आणतात. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली पुस्तकं खेड्यातल्या शाळेला पाठवण्याची रीतही आहे. त्या खोक्यांतून जुनी गाइडं, पाककृती आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं निघतात. त्याऐवजी एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या बाईंना आधी फोन करावा, त्यांच्या पहिली-दुसरीत किती मुलं आहेत आणि त्यांना काय हवंय ते विचारावं, आणि नवी, रंगीत, पातळ चित्रपुस्तकं दोन-दोन प्रतींत पाठवावीत. दोन अशासाठी की एक वर्गात राहील आणि दुसरी ऊसतोडीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत जाईल. ती परत आली नाही तरी हिशोब मागू नये.